थर्मल कॅमेऱ्याने इमारतीची आणि वीजजोडणीची तपासणी : कधी करावी, कशी वाचावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातील एका गृहनिर्माण संस्थेची इमारत सात मजली आणि २२ वर्षे जुनी आहे. सर्वांत वरच्या मजल्यावरील दोन सदनिकांच्या छताला दर पावसाळ्यात ओल येते. तिसऱ्या मजल्यावरील सभासदांचा आरोप असा, की वरच्या न्हाणीघराचे पाणी त्यांच्या छतातून पाझरते. वरचे सभासद तो मान्य करीत नाहीत. शिवाय मे महिन्यात रात्री मीटर रूममध्ये जळका वास आला होता. एका कंपनीने ‘आमचा थर्मल कॅमेरा भिंतीच्या आरपार पाहतो’ असे सांगून गळती आणि वीजजोडणी या दोन्हींची तपासणी जुलैमध्ये, एकाच दिवशी, सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात करून देण्याचे कोटेशन दिले आहे. ते स्वीकारावे का आणि अहवाल हाती आल्यावर तो कसा पारखावा, असे संस्थेच्या सचिवांनी विचारले आहे.

माझे उत्तर असे, की हे कोटेशन आहे तसे स्वीकारू नये; त्याचे दोन भाग पाडावेत. वीजजोडणीची तपासणी ताबडतोब करून घ्यावी, मात्र सकाळी दहाला नव्हे, तर रात्री आठ ते दहाच्या दरम्यान. गच्चीची तपासणी पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये, सूर्यास्तानंतर करावी. न्हाणीघराच्या वादासाठी तर तपासणीचा क्रम आधी ठरवावा लागेल, कारण तेथे नुसता कॅमेरा लावून काहीही सिद्ध होणार नाही.

प्रथम ‘आरपार’ या दाव्याविषयी. इमारतींच्या तपासणीसाठी जे थर्मल कॅमेरे वापरले जातात, ते साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण टिपतात. विल्यम हर्शेलने १८०० साली लोलकातून पडलेल्या प्रकाशपट्ट्यात लाल रंगाच्या पलीकडे तापमापक ठेवला, तेव्हा जी अदृश्य उष्णता त्याच्या लक्षात आली, त्याच कुळातील हे किरण आहेत. मात्र सामान्य तापमानाच्या वस्तू ज्या लांब तरंगलांबीवर सर्वाधिक उत्सर्जन करतात, ती पट्टी हे कॅमेरे पाहतात. हे किरण वस्तूच्या पृष्ठभागावरून निघतात. विटांची भिंत, सिमेंटचा गिलावा, पत्र्याचे दार यांतून ते पार होत नाहीत. इतकेच नव्हे, तर खिडकीची साधी काच आणि पॅनेलवरचे पारदर्शक अ‍ॅक्रिलिक, ज्यांतून आपल्याला सगळे स्वच्छ दिसते, ती या कॅमेऱ्याच्या दृष्टीने जवळजवळ भिंतच असते. काचेसमोर कॅमेरा धरला, तर त्यात तपासणी करणाऱ्याचेच धूसर प्रतिबिंब दिसते. तेव्हा कॅमेरा आतले पाणी पाहत नाही आणि आतली तारही पाहत नाही. आत काहीतरी घडते आहे, त्याचा परिणाम पृष्ठभागाच्या तापमानावर झाला आहे आणि तो फरक आसपासच्या भागापेक्षा वेगळा दिसण्याइतका मोठा आहे, या तीनही गोष्टी जुळल्या तरच चित्रात काही उमटते. तापमानाचा फरक निर्माण व्हावा अशी परिस्थिती निवडणे किंवा मुद्दाम घडवून आणणे हेच या कामातले खरे कौशल्य आहे.

वीजजोडणीत ही परिस्थिती भार निर्माण करतो. सांध्यातून विद्युतप्रवाह वाहताना प्रवाहाच्या वर्गाला सांध्याच्या रोधाने गुणले असता जितके वॅट येतात, तितकी उष्णता तेथे सतत तयार होते. चांगल्या घट्ट सांध्याचा रोध २० मायक्रोओहम धरला, तर २०० अँपिअरला तेथे ०.८ वॅट उष्णता निघते, जी तांब्याच्या पट्टीत सहज विरून जाते. तोच सांधा सैल होऊन किंवा गंजून रोध ५०० मायक्रोओहमवर गेला, तर उष्णता २० वॅट होते. म्हणजे रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे सोल्डरिंग आयर्न त्या बोल्टला टेकवून कायमची चालू ठेवल्यासारखे झाले. तापलेला सांधा अधिक गंजतो, गंजलेला अधिक तापतो, आणि हे चक्र महिनोन्‌महिने चालू शकते. मीटर रूममधला जळका वास बहुधा याच चक्राच्या शेवटच्या टप्प्यात येतो, कारण तोपर्यंत तारेवरच्या पीव्हीसी आवरणाची जळण्यास सुरुवात झालेली असते. म्हणूनच आपल्या प्रकरणात ऑक्टोबरची वाट पाहू नये, असे मी म्हणतो.

पुण्यातील एका संस्थेच्या मुख्य आयसोलेटरची (वीज तोडण्याच्या मुख्य स्विचची) प्रतिमा उदाहरण म्हणून सांगतो, कारण तिच्यात शिकण्यासारखे बरेच आहे. बाहेर जाणाऱ्या तिन्ही फेजच्या टर्मिनलवर टाँग टेस्टरने (तारेभोवती चिमट्यासारखा लावायच्या प्रवाहमापकाने) मोजलेला प्रवाह अनुक्रमे ११८, ११२ आणि १२१ अँपिअर होता; तापमान अनुक्रमे ४४, ७९ आणि ४५ अंश सेल्सिअस; खोलीतील हवा ३४ अंश. मधल्या फेजमधून सर्वांत कमी प्रवाह जात असूनही तीच सर्वांत गरम होती, याचा अर्थ दोष भाराचा नव्हता. दुसरी खूण अशी, की उष्णता टर्मिनलच्या बोल्टपाशी सर्वाधिक होती आणि केबलवरून एक फूट खाली येईपर्यंत तापमान ५२ अंशांवर उतरले होते. दोष सांध्यात असेल तर उष्णता अशीच एका बिंदूपासून दूर जाताना कमी होत जाते. उलट केबलवरच जास्त भार असेल, तर ती शेवटपर्यंत सारखीच गरम दिसते आणि तेथे पाना फिरवून काही उपयोग होत नाही. वीज बंद करून ते टर्मिनल उघडले, तेव्हा ॲल्युमिनियमच्या केबलला साधे तांब्याचे थिंबल (तारेच्या टोकाला लावायची जोडटोपी) दाबून बसवलेले निघाले, आत पांढरट भुकटी जमली होती, आणि त्या फेजची पिवळी स्लीव्ह तपकिरी पडली होती. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर झपाट्याने चढतो आणि तापल्यावर ते तांब्यापेक्षा अधिक प्रसरण पावते, म्हणून अशा ठिकाणी द्विधातू थिंबलच वापरावे लागते. बरेच वायरमन अशा वेळी बोल्ट आणखी आवळतात. त्याने मऊ ॲल्युमिनियम दबून पसरते, काही आठवडे तापमान उतरल्यासारखे वाटते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आता त्या चित्रावर लिहिलेल्या आकड्यावर विश्वास केव्हा ठेवायचा, हे पाहू. प्रत्येक पृष्ठभाग आपल्या तापमानाच्या प्रमाणात सारखेच किरण सोडत नाही. पीव्हीसीची इन्सुलेशन टेप, रंगवलेला पृष्ठभाग, सिमेंटचा गिलावा यांची उत्सर्जकता (किरण सोडण्याची क्षमता; कमाल १) ०.९ ते ०.९५ च्या आसपास असते, म्हणून त्यांचे तापमान कॅमेरा बऱ्यापैकी बरोबर सांगतो. चकचकीत तांबे किंवा ॲल्युमिनियम यांची उत्सर्जकता ०.०५ च्या आसपास असू शकते. असा पृष्ठभाग स्वतःचे थोडेच सांगतो आणि भोवतालचेच जास्त परावर्तित करतो. हवा ३२ अंश असताना उघडा, चकचकीत बसबार (पॅनेलमधली वीज वाहून नेणारी धातूची पट्टी) प्रत्यक्षात ९० अंशांवर असला आणि कॅमेऱ्यात उत्सर्जकता ०.९५ ठेवलेली असली, तर पडद्यावर जेमतेम ३६-३७ अंश दिसतात. अहवालात ‘बसबार सामान्य’ असा शेरा पडतो आणि सगळे निर्धास्त होतात. उत्सर्जकतेचा आकडा बदलून ०.०५ केला, तरी प्रश्न सुटत नाही, कारण परावर्तनाची लहानशी चूक मग कित्येक पटींनी वाढून येते. यावर उपाय साधा आहे : तापमान धातूवर न मोजता त्याला लागूनच असलेल्या स्लीव्हवर, रंगवलेल्या भागावर किंवा केबलच्या आवरणावर मोजावे, आणि पुढच्या वेळेसाठी वीज बंद असताना बसबारवर ठरावीक जागी योग्य दर्जाच्या टेपचे तुकडे लावून ठेवावेत. उघड्या धातूवर बाण दाखवून त्याच्याशेजारी दशांशापर्यंत तापमान छापलेले आढळले, तर तो अहवाल लिहिणाऱ्याला हे ठाऊक नाही, असे खुशाल समजावे.

सकाळी दहाची वेळ मी का नाकारली, ते आता सांगतो. तापमानवाढ साधारणपणे प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात होते. प्रत्यक्ष मोजमापांत घातांक १.६ ते २ यांच्या दरम्यान येतो. समजा, एखाद्या परिपथाचा रात्रीचा भार १०० अँपिअर आहे आणि सकाळी त्यातून फक्त ५० अँपिअर वाहताना सांधा शेजारच्या फेजपेक्षा १२ अंशांनी गरम दिसला. रात्री तोच फरक ३६ ते ४८ अंश होईल. भार वीस-पंचवीस टक्केच असेल, तर गंभीर दोषसुद्धा दोन-तीन अंशांत लपून बसतो आणि सगळे पॅनेल एका रंगाचे दिसते. म्हणून किमान ४० टक्के भार असल्याशिवाय तपासणी करू नये, असा या क्षेत्रातील रूढ संकेत आहे. निवासी इमारतीत बहुतेक लोक घरी असतात, एसी आणि गीझर चालू असतात, लिफ्ट सतत वर-खाली होत असते, ती वेळ रात्रीची. मे महिन्याच्या मानाने जुलैत एसीचा भार कमी असतो, म्हणून त्या रात्री सभासदांना तासभर आधी एसी लावायला सांगावे आणि पाण्याचे पंपही त्याच वेळी चालवावेत. सांधा आणि केबल तापून स्थिर व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. स्विच दाबून दोन मिनिटांत घेतलेली प्रतिमा निरुपयोगी असते.

दोषाची तीव्रता ठरवण्यासाठी अमेरिकेतील नेटा या विद्युतचाचणी संघटनेच्या मानकातील तक्ता आपल्याकडेही सर्रास वापरला जातो. सारख्या भाराच्या दोन सारख्या भागांमध्ये १ ते ३ अंशांचा फरक असेल तर संभाव्य दोष म्हणून चौकशी करावी, ४ ते १५ अंश असेल तर दोष असण्याची दाट शक्यता मानून यथावकाश दुरुस्ती करावी, आणि १५ अंशांपेक्षा जास्त असेल तर तातडीने दुरुस्ती करावी. शेजारी तुलनेला सारखा भाग नसेल तर हवेच्या तापमानाशी तुलना करतात आणि तेथे ४० अंशांच्या वरची वाढ गंभीर मानली जाते. हे आकडे उपयोगी आहेत. पण त्यांत भाराचा हिशेब आपण धरायचा असतो, हे विसरले जाते. तक्त्यात बसवलेला १२ अंशांचा फरक अर्ध्या भारावर मोजलेला असेल, तर तो ‘यथावकाश’ या रकान्यात टाकण्याजोगा मुळीच नाही.

मीटर रूममध्ये न्यूट्रलकडे (परतीच्या तारेकडे) विशेष लक्ष द्यावे, असा माझा आग्रह असतो, कारण तपासणी करणारे अनेकदा तीन फेजचे फोटो काढून पुढे सरकतात. एलईडी दिवे, इन्व्हर्टर एसी, संगणक यांच्यामुळे निर्माण होणाऱ्या तिसऱ्या पटीच्या हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या तिप्पट वारंवारतेच्या) प्रवाहांची न्यूट्रलमध्ये बेरीज होते, त्यामुळे फेज संतुलित असूनही न्यूट्रल गरम असू शकतो. त्याचा सांधा सुटला, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत ‘न्यूट्रल गेला’, की काही सदनिकांना २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब मिळतो आणि फ्रीज-टीव्ही एका क्षणात जळतात. न्यूट्रल लिंकची प्रत्येक पॅनेलमध्ये स्वतंत्र प्रतिमा हवी, ही अट वर्कऑर्डरमध्येच लिहून टाकावी. कॅमेऱ्यात जे अनपेक्षित थंड दिसते, तेही पाहावे : तीन फेजपैकी एकच थंड असेल, तर तेथे फ्यूज उडालेला असतो किंवा भाराची वाटणी बिघडलेली असते.

पॅनेलचे दार बंद ठेवून तपासणी होत नाही, हे वर आलेच. आत टर्मिनल ५० अंशांनी तापलेले असले, तरी बाहेरच्या पत्र्यावर एखाद-दोन अंशांचाच फरक पडतो. म्हणजे चालू विजेवर दार उघडावे लागते, अ‍ॅक्रिलिकचे संरक्षक काढावे लागते, आणि हे काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराच्या माणसानेच, पायाखाली रबरी मॅट, हातात योग्य हातमोजे, चेहऱ्यावर शील्ड घेऊन करायचे असते. कॅमेरा धरणाऱ्याने पॅनेलला हात लावायचा नाही आणि बघ्यांनी मीटर रूमच्या बाहेर थांबायचे. वितरण कंपनीने सील केलेला भाग तिच्या परवानगीशिवाय उघडता येत नाही, त्यासाठी आधी अर्ज करून त्यांचा माणूस बोलवावा. जळका वास आला होता, तेव्हा दोष सीलच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे ठरवण्यासाठी तो माणूस लागेलच.

कॅमेरा काय दाखवत नाही, हेही सांगितले पाहिजे. भिंतीतल्या पाइपमधून गेलेली जुनी वायर, इन्सुलेशनचा घसरलेला रोध, अर्थिंगची अवस्था, आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारे उपकरण) वेळेत ट्रिप होते की नाही, यांपैकी कशाचेही उत्तर थर्मल प्रतिमेत नसते. त्यासाठी मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे उपकरण), अर्थ टेस्टर आणि आरसीसीबीची चाचणी वेगळी करावी लागते. थर्मल अहवाल चांगला आला म्हणून बाकीच्या चाचण्या टाळणे धोक्याचे आहे.

आता ओलीकडे वळू. युरोप-अमेरिकेत घरांची थर्मल तपासणी मुख्यतः थंडीत उष्णता कोठून निसटते, हे शोधण्यासाठी विकसित झाली. आत २० अंश आणि बाहेर शून्य असा फरक तेथे निसर्गच पुरवतो. इमारतींसाठीचे आयएसओ ६७८१ हे १९८३ चे मूळ मानक उष्णतारोधनातील अशाच अनियमितता शोधण्याविषयी होते. आपल्याकडे ती पद्धत जशीच्या तशी उपयोगी पडते ती नाशिक भागातील द्राक्षांच्या शीतगृहांत, जेथे पॅनेलच्या सांध्यातून थंडावा निसटतो. ठाण्यातल्या राहत्या घरात पावसाळ्यात भिंतीच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखेच तापमान असते, म्हणून आपल्याला दुसरे मार्ग शोधावे लागतात.

पहिला मार्ग बाष्पीभवनाचा. ओल्या गिलाव्यावरून पाणी उडून जाताना तो भाग थंड होतो आणि चित्रात गडद डाग दिसतो. पण हे थंड होणे हवेच्या कोरडेपणावर अवलंबून असते. हवा ३३ अंश आणि आर्द्रता ५० टक्के असेल, तर ओल्या पृष्ठभागाला तत्त्वतः ८ अंशांपर्यंत थंड होण्यास वाव असतो. जुलैत हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असताना तोच वाव दीड अंशाच्या आसपास उरतो, आणि प्रत्यक्ष भिंतीवर त्यातलेही थोडेच पदरात पडते. शिवाय त्या दिवसांत सगळीच इमारत थोडीफार ओली असते. म्हणून जुलैची तपासणी नको. मात्र कंपनी अशा वेळीही ‘सुंदर’ चित्रे देऊ शकते, कारण कॅमेऱ्याचा रंगपट आपोआप ताणला जाणारा ठेवला, की एका अंशाच्या फरकालासुद्धा लाल आणि निळा रंग मिळतो. रंगांकडे पाहू नये. शेजारच्या पट्टीवर सर्वांत वर आणि सर्वांत खाली कोणते आकडे आहेत, ते आधी पाहावे. एकाच अहवालात एक चित्र २६ ते २८ अंशांच्या पट्टीवर आणि दुसरे २४ ते ४० अंशांच्या पट्टीवर असेल, तर त्यांतल्या रंगांची एकमेकांशी तुलनाच होऊ शकत नाही.

दुसरा मार्ग गच्चीसाठी आहे आणि तो मला अधिक भरवशाचा वाटतो. पाण्याची उष्णता साठवण्याची क्षमता तेवढ्याच वजनाच्या काँक्रीटच्या चौपटीहून अधिक असते, म्हणून दिवसभर ऊन खाल्लेल्या गच्चीत जेथे ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर) पाण्याने भरलेला असतो, तो भाग सूर्यास्तानंतर सावकाश निवतो, आणि कोरडा भाग निवल्यावर तासा-दोन तासांनी तो उबदार बेटासारखा दिसू लागतो. त्यासाठी दिवसभर स्वच्छ ऊन, त्याआधी किमान दोन-तीन दिवस पाऊस नाही आणि रात्री वारा नाही, अशी संध्याकाळ हवी; ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ती मिळते. गच्चीवर चायना मोझॅक असेल, तर आणखी एक काळजी घ्यावी लागते : त्या चकचकीत तुकड्यांत निरभ्र आकाशाचे प्रतिबिंब पडते आणि आकाश कॅमेऱ्याला शून्याच्याही खाली दिसते, त्यामुळे तिरकस कोनातून घेतलेल्या चित्रात थंड पट्टे येतात, ज्यांचा ओलीशी काही संबंध नसतो. शक्य तितक्या उंचावरून, म्हणजे लिफ्टच्या मशीनरूमच्या छतावरून किंवा पाण्याच्या टाकीवरून, सरळ खाली पाहत प्रतिमा घ्याव्यात. संशयित जागा खडूने आखाव्यात आणि दुसऱ्या दिवशी ओलावा मापकाने किंवा छोटा भाग खोदून खातरजमा करावी.

एवढे करूनही एक मर्यादा उरते. चित्रातले उबदार बेट म्हणजे कोब्यात पाणी साठलेले आहे, इतकेच. पाणी कोठून शिरले, ते त्यावरून कळत नाही. खाली छतावर डाग एका बेडरूममध्ये, कोब्यातले पाणी दोन मीटर पलीकडे, आणि शिरण्याची जागा कठड्याच्या मुळाशी मारलेल्या वाट्याला (सिमेंटच्या गोलसर उताराला) पडलेल्या चिरेत, असे सर्रास घडते. बेटांच्या कडा कोठे जाऊन टेकतात, ते पाहावे. ती कड कठड्याला लागलेली असेल तर वाटा तपासावा, पावसाळी पाइपच्या तोंडाशी असेल तर तेथील सांधा, आणि सोलरचे किंवा डिश अँटेनाचे स्टँड कोब्यात बोल्ट मारून बसवलेले असतील तर आधी तेच. अशा बोल्टांनी चांगल्या वॉटरप्रूफिंगची वाट लावल्याचे मी वारंवार पाहिले आहे.

न्हाणीघराच्या वादात पाणी तीन वाटांनी येऊ शकते : भिंतीत गाडलेली पुरवठ्याची लाइन, सांडपाण्याची लाइन, आणि फरशीखालचे वॉटरप्रूफिंग. या तीन शक्यता वेगवेगळ्या तपासाव्या लागतात आणि प्रत्येक टप्प्यापूर्वी खालच्या छताची प्रतिमा घ्यावी लागते. आधी दोन दिवस न्हाणीघर बंद ठेवावे, मात्र पुरवठ्याच्या लाइनमध्ये पाण्याचा दाब ठेवावा. तरीही ओल वाढत असेल तर संशय त्या लाइनवर जातो. मग नहाणी ट्रॅप (फरशीतले सांडपाणी जाण्याचे तोंड) बुजवून फरशीवर पाणी साठवावे आणि चोवीस तासांनी पाहावे. शेवटी ट्रॅप उघडून गीझरचे गरम पाणी सोडावे व पुढील दोन-तीन तास दर पंधरा-वीस मिनिटांनी खालून प्रतिमा घ्यावी. येथे घाई करून निष्कर्ष काढू नये, कारण धडधाकट पाइपसुद्धा गरम पाण्याने तापतो आणि छतावर त्याची उबदार रेघ उमटू शकते. रेघ रेघच राहिली तर पाइप ठीक. एखाद्या सांध्यापाशी ती रेघ पसरून डाग झाली तर गळती. पाण्यात रंग टाकला तर दुजोरा मिळतो. हे सारे दोन्ही सभासदांच्या आणि समितीच्या उपस्थितीत, वेळ नोंदवून करावे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे न्हाणीघर-सिंक अशा अंतर्गत गळतीची दुरुस्ती सभासदाने करायची असते आणि पावसाच्या पाण्याची व बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेने, म्हणजे पाण्याची वाट कोणती, यावर खर्च कोणाचा, हे ठरते. एका गडद डागाच्या चित्रावर कोणाच्या माथी तो खर्च मारू नये.

इमारत २२ वर्षांची आहे, म्हणून १५ ते ३० वर्षांच्या इमारतींना लागू असलेले पाच वर्षांतून एकदाचे स्ट्रक्चरल ऑडिट आपल्याकडे व्हायला हवे. त्या निमित्ताने बाहेरच्या भिंतींची थर्मल पाहणी फायद्याची ठरते. गिलावा भिंतीपासून सुटला, की मध्ये हवेची पोकळी राहते. सकाळी ऊन पडल्यावर सुटलेला भाग मागे उष्णता देऊ शकत नाही, म्हणून लवकर तापतो आणि पूर्वेच्या भिंतीवर नऊ-दहाच्या सुमारास उष्ण ठिगळासारखा दिसतो. संध्याकाळनंतर तोच भाग थंड दिसतो आणि अधेमधे दोन वेळा असे तास येतात, की काहीच दिसत नाही. कोणत्या भिंतीवर केव्हा ऊन येते, याचा विचार न करता चारी बाजूंचे फोटो एका तासात उरकणाऱ्याकडून ही पाहणी करून घेण्यात अर्थ नाही. वेगळ्या रंगाची डागडुजी, झाडाची सावली, एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा यांचीही ठिगळे दिसतात. हातोडीने ठोकून बोदा आवाज येतो का, हे पाहिल्याशिवाय त्या जागा ‘पोकळ’ म्हणून लिहू नयेत. सळ्यांचा गंज कॅमेऱ्याला कळत नाही. त्यासाठी हाफ-सेल आणि कार्बोनेशन या चाचण्या, तर काँक्रीटच्या दर्जासाठी अल्ट्रासॉनिक चाचणी आहेच.

कॅमेऱ्याच्या दर्जाबाबत एकच हिशेब लक्षात ठेवला तरी पुरे. १६० गुणिले १२० पिक्सेलच्या, रुंद भिंगाच्या लहान कॅमेऱ्यात दोन मीटरवरून एक पिक्सेल साधारण १२ मिलिमीटर जागा व्यापतो आणि भरवशाच्या मोजमापासाठी किमान तीन गुणिले तीन पिक्सेल लागतात, म्हणजे ३५ मिलिमीटरहून लहान वस्तूचे तापमान त्यात भोवतालात मिसळून कमी दिसते. मीटर रूममधले बरेचसे स्क्रू आणि थिंबल याहून लहान असतात. ३२० गुणिले २४० पिक्सेल आणि २४ अंशांचे भिंग असेल, तर तीच मर्यादा दोन मीटरवर ८ मिलिमीटरच्या आसपास येते. मोबाइलला जोडायचा कॅमेरा संस्थेच्या इलेक्ट्रिशियनकडे प्राथमिक नजरेसाठी असायला हरकत नाही, पण अहवालासाठी तो पुरेसा नाही.

अहवाल पारखताना मी प्रथम मागची पाने पाहतो. प्रत्येक थर्मल प्रतिमेशेजारी त्याच जागेचा साधा फोटो, दिनांक आणि वेळ, हवेचे तापमान, त्या क्षणी मोजलेला प्रत्येक फेजचा प्रवाह, धरलेली उत्सर्जकता आणि परावर्तित तापमान, अंतर, कॅमेऱ्याचे मॉडेल व कॅलिब्रेशनची तारीख हे सारे असलेच पाहिजे. गळतीच्या प्रतिमेसोबत ओलावा मापकाचे वाचन हवे. मूळ प्रतिमांच्या फाइल मागून घ्याव्यात, कारण त्यांत प्रत्येक पिक्सेलचे तापमान साठवलेले असते आणि दुसरा तज्ज्ञ ती पुन्हा वाचू शकतो. कागदावर छापलेल्या चित्रातून तसे करता येत नाही. तपासणी करणाऱ्याकडे आयएसओ १८४३६-७ नुसार स्तर १ किंवा २ चे प्रमाणपत्र आहे का, ते विचारावे. स्तर १ चा माणूस प्रतिमा घेण्यास पुरेसा आहे. निष्कर्षांवर मात्र स्तर २ च्या माणसाची सही असावी, आणि ती व्यक्ती वीज किंवा बांधकाम यांपैकी त्या विषयाची जाणकार असावी. एकच माणूस दोन्हीत सारखाच पारंगत असणे विरळा, हेही कोटेशनचे दोन भाग पाडण्याचे एक कारण आहे.

गच्चीवर सोलर पॅनेल असतील, तर त्यांची तपासणी स्वच्छ उन्हात, सूर्यकिरणांची तीव्रता किमान ६०० वॅट प्रतिचौरस मीटर असताना करायची असते. एखादा सेल तळपताना किंवा पॅनेलचा नेमका एक तृतीयांश भाग उबदार दिसल्यास सेलचा किंवा बायपास डायोडच्या पट्टीचा दोष समजावा. त्यासाठी दुपारची वेळ वेगळी ठरवावी. गच्चीच्या ओलीसाठी येणाऱ्या माणसाला ती पॅनेल सूर्यास्तानंतर दाखवून उपयोग नाही.

वर्कऑर्डर देताना वीजतपासणीत दुरुस्तीनंतरच्या फेरतपासणीची रक्कम आताच समाविष्ट करून घ्यावी. दुरुस्ती झाली म्हणजे सांधा थंड झाला असे नव्हे. पहिल्या वेळी जितका प्रवाह होता, तितक्याच प्रवाहावर, त्याच कोनातून दुसरी प्रतिमा घेऊन तीन फेजमधला फरक ३ अंशांच्या आत आला आहे, हे कागदावर यावे. त्यानंतर वर्षातून एकदा, एप्रिल-मे महिन्यांतल्या रात्री, हीच तपासणी करावी. अमेरिकेतील एनएफपीए ७०बी या देखभालीच्या मानकानेही २०२३ पासून बारा महिन्यांची कमाल मुदत घातली आहे. तोपर्यंत मीटर रूममधले जुने पुठ्ठे, रंगाचे डबे आणि सायकली मात्र आजच बाहेर काढाव्यात.